आजोबांची नळी कशी सुटली

प्रिय रेवती आणि समीर,

हे मी तुम्हा दोघांना लिहिते आहे, तुमच्या बाबांना नाही. त्यांना लिहिलं तर ते वरवर चाळतील आणि फोनवर "आई, मी अगदी ठणठणीत आहे" म्हणतील. या घरातल्या पुरुषांच्या ठणठणीतपणावर माझा विश्वास उरलेला नाही.

गेल्या डिसेंबरात बाबा तिकडून, परदेशातून, इथे निर्मळला आले, तेव्हा जेवताना मधेच उठायचे. अर्नाळ्याला जायला निघालो, तर गाडीत बसून परत उतरले आणि घरात जाऊन आले. मी विचारलं, तर म्हणाले, "जेट लॅग आहे." मी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. जेट लॅगचा अर्थ मला माहीत आहे. त्याने माणूस पेंगतो, सारखा न्हाणीघरात जात नाही.

तुमच्या आजोबांना पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा आजार झाला तेव्हा तुम्ही लहान होतात. "आजोबांना जरा बरं नाही" एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं. आता तुम्ही मोठे आहात. बाबांनाही तोच त्रास सुरू झाला असेल, असा मला संशय आहे. तेव्हा काय घडलं, कोणत्या डॉक्टरने काय सांगितलं आणि त्यातलं काय खरं निघालं, हे घरात कोणाला तरी नीट माहीत असायला हवं.

तंबाखूचा संशय

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आजोबा पासष्टीला आले होते. वाडी तेव्हा पूर्ण आमची होती: राजेळी केळी, मोगरा, थोडी पानवेल. संध्याकाळी ते "पानी वळवून येतो" म्हणून केळीत शिरायचे आणि बराच वेळ बाहेर यायचे नाहीत. पाटाचं पाणी वळवायला एवढा वेळ लागत नाही, हे मुंबईहून या घरात आलेल्या मलासुद्धा कळत होतं.

मला वाटलं, सोडलेली तंबाखू परत धरली. मी त्यांच्या सदऱ्याचे खिसे तपासले. जवळ जाऊन वास घेतला.

"काय हुंगतेस?" ते म्हणाले.

"काही नाही. केळीत कोण भेटतं तुम्हाला एवढा वेळ?"

"केळी भेटतात."

वाडीतला पुरुष लघवीला घरात येत नाही. झाडाच्या बुंध्याशी जातो, त्याचे वडीलही तेच करायचे. त्यामुळे धार बारीक झाली, थांबून थांबून यायला लागली, उभं राहून वाट पाहावी लागायला लागली, तरी घरात कोणाला काही ऐकू येत नाही आणि दिसत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बायकोला हे महिन्याभरात कळलं असतं. मला दोन वर्षं कळलं नाही.

गासचं लग्न

दुसऱ्या वर्षी पावसाळ्याआधी गास गावात नात्यातलं लग्न होतं. आजोबांना सर्दी झाली होती. मांडवात शिंका नकोत म्हणून त्यांनी मेडिकलवाल्याकडून सर्दीची गोळी घेतली आणि उठावं लागू नये म्हणून सकाळपासून लघवी दाबून धरली. अशा गोळीने आधीच अडलेली लघवी पूर्ण बंद पडू शकते, हे आम्हाला नंतर समजलं. गोळी देणाऱ्याने काही विचारलं नव्हतं.

जेवणाची पंगत उठली आणि ते मांडवामागे गेले. परत आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "होत नाय."

"काय होत नाही?"

"अगं, लघवी. होतच नाय."

रिक्षातून नालासोपाऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्यांचं ओटीपोट दगडासारखं टणक झालं होतं. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटायचे. तिथल्या डॉक्टरांनी नळी घातली. पिशवी भरली, ती रिकामी करून लावली, तर पुन्हा भरत गेली. आजोबा छताकडे बघत होते. हळूच म्हणाले, "देवा, सुटलो." ते इतक्यात सुटायचे नव्हते.

डॉक्टरांनी काही दिवसांनी नळी काढून पाहिली. लघवी झाली नाही. पुन्हा नळी. रक्ताच्या तपासणीत कॅन्सरचा संशय नाही असं आलं. तो कागद हातात येईपर्यंतचे दिवस आम्ही कसे काढले, ते इथे लिहीत नाही. सोनोग्राफीत मात्र दिसलं की लघवी मागे तुंबून उजवं मूत्रपिंड सुजलं आहे. म्हणजे प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नव्हता. वाट मोकळी झाली नाही तर मूत्रपिंड जाणार होतं, आणि मोकळी होईपर्यंत आजोबा नळी आणि पिशवी घेऊन फिरणार होते.

दोन दारं

पहिलं दार वसईच्या सर्जनचं. साठीकडे आलेले, कमी बोलणारे. त्यांनी कागदावर चित्र काढलं. संत्र्याच्या मधून नळी गेली आहे असं समजा, ते म्हणाले, संत्रं वाढलं की नळी दाबली जाते. उपाय दुर्बिणीचा. लघवीच्या मार्गानेच दुर्बीण आत घालायची आणि दाबणारा भाग आतून खरवडून काढायचा. बाहेरून चीर नाही, कमरेखालची भूल, काही दिवस दवाखान्यात. ग्रंथी फार मोठी असेल तरच पोट उघडायचं. तुमच्या आजोबांची तेवढी मोठी नव्हती.

"धोके सांगा," मी म्हणाले.

रक्तस्राव होऊ शकतो, त्यांनी सांगितलं. जंतुसंसर्ग होऊ शकतो. काही दिवस कपड्यात थेंब गळतील. क्वचित कायमचे गळतात.

"आणखी?"

ते आजोबांकडे बघून म्हणाले, "संबंधाच्या वेळी वीर्य पुढे न येता मागे मूत्राशयात जातं. बहुतेकांचं. त्याने अपाय नाही, पण ते परत पूर्वीसारखं होत नाही."

आजोबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तुला काय गरज होती विचारायची? या वयात."

"वय तुमचं आहे. विचारलं मी."

हे तुम्हाला लिहिताना मलाही अवघडल्यासारखं होतं आहे. पण बाबा पन्नाशीचे आहेत. त्यांना हा प्रश्न पासष्टीच्या माणसापेक्षा जास्त महत्त्वाचा असेल आणि ते तो विचारणार नाहीत.

दुसरं दार मुंबईचं. तिथे नवं यंत्र आलं होतं. तुमच्या बाबांनीच परदेशातून फोनवर सांगितलं, "आई, इकडे आता कोणी चिरफाड करत नाही. मायक्रोवेव्हने होतं." मायक्रोवेव्ह म्हणजे तुम्ही दूध गरम करता तो, एवढंच मला तेव्हा ठाऊक होतं. खरं म्हणजे तत्त्व तेच. लघवीच्या मार्गाने बारीक नळी घालून ग्रंथीला आतून उष्णता द्यायची. जळलेला भाग पुढच्या आठवड्यांत आक्रसतो. भूल नाही, रक्त नाही, त्याच दिवशी घरी.

तिथला डॉक्टर तरुण, हसरा. त्याने गुळगुळीत कागदाचं इंग्रजी माहितीपत्रक दिलं. त्यावर पांढऱ्या केसांचे एक परदेशी गृहस्थ गोल्फ खेळत होते. मी ते शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचलं. एका ओळीत होतं, निवडक रुग्णांमध्ये उपयुक्त.

"निवडक म्हणजे कोण?" मी विचारलं.

"म्हणजे, आजी, सगळ्यांनाच प्रत्येक उपचार चालतो असं नसतं."

"ज्यांना आधीच नळी लागली आहे, ते या निवडक लोकांत येतात का?"

"त्यांनाही फायदा होतो."

"किती जणांची नळी सुटली?"

"आमचा फॉलो-अप सुरू आहे."

मी शाळेत अशी उत्तरं पुष्कळ ऐकली आहेत. अभ्यास केलेला मुलगा 'सुरू आहे' म्हणत नाही. पण एक गोष्ट त्याच्या बाजूने लिहायला हवी. सर्जनने सांगितलेले धोके याच्या उपचारात खरोखरच कमी होते, आणि वीर्याचा प्रश्नही बहुतेकांना येत नाही असं तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. त्याने सांगितलं ते सगळं खरं होतं. जे सांगितलं नाही, त्याची मला काळजी वाटत होती.

सर्जनवरही माझा पूर्ण विश्वास नव्हता. ज्याच्या हातात कोयता असतो त्याला प्रत्येक घड काढायला आलेला दिसतो. मी त्यांना विचारलं होतं, "यंत्राचं काय?" ते म्हणाले, "माझ्याकडे यंत्र नाही." हे काही उत्तर नव्हे.

अप्पांचा सल्ला

आजोबांचे थोरले भाऊ अप्पा शेजारच्याच घरात राहायचे. त्यांचं हेच ऑपरेशन फार पूर्वी, पोट उघडून झालं होतं. ते रोज येऊन ओसरीवर बसायचे आणि लेंग्याची नाडी सैल करून तो वण दाखवायचे.

"अप्पा, पुरे. मी पाहिला आहे," मी म्हणायची.

"मास्तरीणबाई, तुमी पायला, यानं बघू दे. फाडतात रे, वरपासून खालपर्यंत. मी सांगतो, दोन दिवस मला माझं नाव आठवत नव्हतं."

"दुर्बिणीत फाडत नाहीत, अप्पा."

"त्यांना काय, आत गेल्यावर कोन बघतो?"

मग ते चहा प्यायचे, केळीकडे जायचे आणि दोन मिनिटांत परत यायचे. इतकी वर्षं त्यांचं सगळं सुरळीत चाललं होतं. ते कोणीच लक्षात घेत नव्हतं. लक्षात राहायचा तो वण.

या सगळ्यात पावसाळा नळीतच गेला, आणि आजोबांनी यंत्र निवडलं. अप्पांचा वण आणि तुमच्या बाबांचा फोन, दोन्ही एकाच बाजूला पडले. मी विरोध केला नाही. शरीर त्यांचं होतं.

सोपट

यंत्राचं काम खरंच तासाभरात आटोपलं. "आत कोनी शेगडी पेटवल्यासारखं वाटलं," एवढंच ते म्हणाले. संध्याकाळी आम्ही घरी होतो. पण नळी तशीच होती. उष्णतेने ग्रंथी आधी सुजते, मग हळूहळू आक्रसते, तोवर नळी ठेवायची, डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी आधी सांगितलं होतं का? बहुतेक सांगितलं असेल. 'त्याच दिवशी घरी' हे शब्द इतके मोठ्याने सांगितले गेले की बाकीचं ऐकू आलं नाही.

आजोबांना हे पटेना. पाटातला गाळ काढला की पाणी लगेच धावतं. गाळ काढून पाणी येत नसेल तर गाळ निघालाच नाही, असा त्यांचा हिशेब. आणि तेवढ्यात कार्तिकातली निर्मळची जत्रा लागली.

आमच्या घरची सुकेळी जत्रेत विकायला असायची, हे तुम्हाला आठवत नसेल. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखा रंग आला की केळीच्या वाळल्या पानात गुंडाळायची आणि वरून सोपटाने बांधायची. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची वाळलेली साल. तिच्या पट्ट्या काढतात, पाण्यात भिजवून मऊ करतात आणि ओलीच बांधतात. वाळली की ती आवळते आणि गाठ सुटत नाही. फुलांचे पुडे, पानांच्या गड्ड्या, सुकेळीची पुडकी, आमच्याकडे सगळं सोपटाने बांधलं जातं.

आजोबा दरवर्षी स्वतः दुकानावर बसायचे. देवळात जायचे. पिशवी घेऊन देवळात कसं जायचं, लोक काय म्हणतील, हे त्यांनी मला विचारलं नाही. "अप्पाला बसवू या दुकानावर," मी म्हणाले, तेव्हा ते "बघू" म्हणाले. त्या "बघू"चा मला संशय यायला हवा होता, आणि आलाही. पण मला वाटलं, पिशवी धोतरात दडवून जातील.

जत्रेच्या दिवशी दुपारी मी मागच्या पडवीत कपडे वाळत घालायला गेले. खिळ्याला पिशवी लटकत होती. धुतलेली, कोरडी.

मी तिच्याकडे बघत उभी राहिले. पिशवी इथे, माणूस जत्रेत. मग लघवी कुठे आहे?

देऊळ आमच्या घरापासून लांब नाही. मी नेसत्या साडीनेच निघाले. दुकानावर आजोबा पाटावर बसले होते, पुढे गिऱ्हाईक. घामाने सदरा पाठीला चिकटला होता, आणि हवा तर गार होती.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"कशाला?"

"पिशवी घरी आहे. मी पाहिली."

गिऱ्हाईक बाई म्हणाली, "आजी, आमचं पुडकं तेवढं द्या की आधी."

मी तिचं पुडकं दिलं. मग आजोबा खालच्या आवाजात म्हणाले, "नळी दुमडून सोपटानं बांधलीय. मधी मागं जाऊन सोडणार होतो. आता सुटत नाय. नखं लावून बघितली."

"कात्री?"

"जत्रेत कात्री कोनाकडं मागू? काय कापायला सांगू?"

त्यांचे हात सवयीने चालले होते. सोपट पाण्यात बुडवलं, ओलंच आवळलं, वर दुसरी गाठ मारली. आयुष्यभर तीच गाठ मारली होती. ती सुटू नये म्हणूनच मारतात.

अप्पांना दुकानावर बसवून मी त्यांना घरी आणलं. पडवीत उभं करून कात्रीने सोपट कापलं. जे बाहेर आलं ते गढूळ आणि तांबूस होतं, त्याला वास होता. दिवेलागणीला हुडहुडी भरली. गोधड्या घातल्या तरी पलंग हलत होता.

वसईचा दवाखाना

"डॉक्टरांना सांगू नको," रिक्षात ते म्हणाले. दात वाजत होते.

"सांगणार आहे."

"नळी अशीच तुंबली म्हण."

"अहो, औषध खोट्यावर चालत नाही."

मी सगळं सांगितलं. सर्जनने सोपटाचा तुकडा बोटांत धरून पाहिला आणि तो परत माझ्या हातात दिला. जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. सलाइनमधून औषधं सुरू झाली. ते म्हणाले, "उजवं आधीच दमलेलं आहे. आता वाट बघायची."

मी मुंबईच्या डॉक्टरला फोन केला. तो आधी चमकला. "पण नळी बांधायला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं. कोणी नाही, मी म्हणाले. त्यानंतर त्याचा आवाज मोकळा झाला. मग तर उपचाराचा दोष नाही, असं तो म्हणाला. मला आजही वाटतं की त्याला तेव्हा हायसं वाटलं. यंत्राने आजोबांची वाट उघडली असती की नसती, हे आता कधीच कळणार नव्हतं, आणि ते न कळणं त्याला सोयीचं होतं.

सर्जनही म्हणाले, "यंत्राने यांचं भागणार नाही असं मला वाटलंच होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्ही ठरवून आला होतात, असं वाटलं."

आम्ही तेव्हा काहीच ठरवलं नव्हतं. पण आजोबा शेजारी तापाने फणफणत असताना वाद कोण घालणार.

ताप उतरल्यावर, पुष्कळ दिवस थांबून, त्यांनी नळी पुन्हा काढून पाहिली. झालं नाही. आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "दुर्बीण करा."

ऑपरेशनच्या वेळी मी बाकावर बसून होते. घाबरले होते. मूत्रपिंड थकलेलं, रक्त जाणार, वय झालेलं. ज्यांच्या पाय मोडलेल्या नवऱ्याची कॉट आमच्या शेजारी होती त्या कोळी बाईंनी मला न विचारता डब्यातली भाकरी पुढे केली. मी मासे खात नाही हे त्यांना कोणी सांगितलं ठाऊक नाही. भाकरीबरोबर चटणीच होती.

नंतरचे दिवस पाण्याचे. वरून सलाइनचं पाणी आत जायचं आणि पिशवीत लाल होऊन बाहेर यायचं. मी रंगाकडे बघत बसायची. जांभळाचा रस, मग कोकम, मग गुलाबी सरबत. नर्स म्हणायची, "आजी, तुम्ही बघून ते पांढरं होणार नाही." पण मी बघत राहिले. एकदा गुठळी अडकून पाणी थांबलं, ते मलाच आधी दिसलं.

नळी काढली त्या सकाळी नर्सने आजोबांच्या हातात मापाचं भांडं दिलं. ते आत गेले. पाय मोडलेला कोळीसुद्धा मान वळवून दाराकडे बघत होता. आजोबा बाहेर आले ते भांडं दोन्ही हातांनी धरून, पूजेचं तबक आणावं तसं. आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, "मीच केली."

"किती?" कोळ्याने विचारलं.

"बघ की."

अप्पा दारात उभे होते. त्यांनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, करा पास."

तुमच्यासाठी

यंत्र वाईट, दुर्बीण चांगली, असं यातून काढू नका. आमच्याच आळीतल्या एका गृहस्थांनी पुढे उष्णतेचा उपचार घेतला आणि त्यांना बरं वाटलं. त्यांना कधी नळी लागली नव्हती, ते वेळेवर गेले होते. आजोबांसारखा पार तुंबलेला माणूस माहितीपत्रकातल्या 'निवडक'मध्ये बसत नव्हता, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, आणि तुमच्याकडे आता आणखी नवे उपाय आले असतील. दुर्बिणीनेही आजोबांना फुकट सोडलं नाही. कित्येक आठवडे गळत होतं, मी कपड्यांच्या घड्या शिवून दिल्या. आणि जी ऐकून आजोबा खिडकीबाहेर बघत बसले होते, ती सर्जनने सांगितलेली गोष्ट खरी झाली.

बाबांना एवढंच करायला लावा. नळी लागण्याआधी दाखवायला जा. सर्दीची गोळी न विचारता घेऊ नका. दोन ठिकाणी विचारा, आणि दोन्ही डॉक्टरांना विचारा की त्यांचा उपचार घेऊनही कोणाला परत दुसऱ्याकडे जावं लागतं. जो चटकन उत्तर देईल त्याच्याकडे लक्ष द्या. जो हसेल त्याच्याकडेही द्या, वेगळ्या कारणासाठी. आणि रेवती, बाबा "ठणठणीत" म्हणाले तर तू त्यांच्याबरोबर जा. समीरला ते टाळतील.

अप्पा चार वर्षांपूर्वी गेले, म्हातारपणाने. मोगऱ्याचा भाग विकला, तिथे इमारत आहे. सुकेळी आता आम्ही करत नाही. आजोबांच्या उजव्या मूत्रपिंडाने पुन्हा पूर्ण काम केलं नाही, दर वर्षी तपासणीत ते थोडं आणखी लहान दिसतं. डावं चांगलं आहे. ग्रंथीचा उरलेला भाग आत आहे. आजोबा पंच्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि स्वतःची लघवी स्वतः करतात.

तुमची,
आजी